ब्रूमेरचे दोन दिवस आणि एका गणराज्याचा शेवट

१० नोव्हेंबर १७९९, रविवार. क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ब्रूमेर महिन्याची १९ तारीख. पॅरिसपासून सुमारे १० किलोमीटरवर, सेन नदीकाठच्या सां-क्लू राजवाड्यात सकाळपासून सुतारांची ठोकाठोक चालली होती. फ्रान्सच्या संसदेची दोन्ही सभागृहं दुपारी इथे भरायची होती आणि बसायला बाकंसुद्धा जागेवर नव्हती. ज्येष्ठांच्या सभेला वरच्या मजल्यावरचं अपोलो दालन मिळालं होतं. पाचशेंच्या सभेच्या वाट्याला आली ऑरांजरी, म्हणजे संत्र्याची झाडं हिवाळ्यात कुंड्यांसकट आत आणून ठेवायची ती लांबलचक, मोठ्या खिडक्यांची इमारत. काम लांबत गेलं. तोवर लोकप्रतिनिधी बागेत घोळक्याघोळक्याने उभे राहिले आणि एकमेकांना विचारू लागले. कट झाला म्हणतात तो कुणाचा? पुरावा कुठे आहे? आणि कट पॅरिसमध्ये शिजत असेल तर आपल्याला इथे, सैनिकांच्या गराड्यात, कशाला आणलं?

फ्रेंच राज्यक्रांती आपण शिकतो ती १७८९ ची बॅस्टिल, १७९३ ची गिलोटिन आणि मग एकदम नेपोलियन, अशी. मधली पाच वर्षं गळून जातात. राजाचं डोकं उडवणारा देश अकरा वर्षांत सम्राटाला मुकुट घालायला तयार कसा झाला, याचं उत्तर त्या गळालेल्या वर्षांत आहे आणि त्याचा सगळ्यात उघडा पुरावा सां-क्लूच्या या एका दुपारी सापडतो. सेनापती नेपोलियन बोनापार्टच्या पराक्रमाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मी जितकं वाचत गेलो तितकं मला उलटं दिसत गेलं. त्या दुपारी सेनापती गोंधळला होता, हरायच्या बेतात होता. त्याला वाचवलं ते सभागृहाच्या अध्यक्षाने.

आधीची पाच वर्षं

गिलोटिनच्या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर पडल्यावर १७९५ मध्ये नवी राज्यघटना आली. सत्ता एकट्याच्या हाती जाऊ नये आणि जमावाच्याही हाती जाऊ नये, या दुहेरी धास्तीतून ती लिहिलेली होती. म्हणून कारभार पाच संचालकांत वाटला. कायदे करायला दोन सभा नेमल्या. पाचशेंची सभा ठराव मांडणार, २५० ज्येष्ठांची सभा ते मान्य करणार किंवा फेटाळणार. दरवर्षी एक संचालक बदलणार आणि एक तृतीयांश प्रतिनिधी नव्याने निवडून येणार. संसद जिथे भरते तिथून साठेक किलोमीटरच्या आत तिच्या परवानगीशिवाय फौज आणायची नाही, हे कलमही होतं. सैन्याची भीती त्या लोकांना नव्हती असं कुणी म्हणू नये.

घोडं अडलं दुसरीकडे. संचालकांना सभा बरखास्त करता येत नव्हत्या, कायदे रोखताही येत नव्हते. दोघांचं बिनसलं तर तोडगा काढायची वाटच ठेवलेली नव्हती. घटना बदलायची तर सगळे सोपस्कार पुरे व्हायला नऊ वर्षं लागणार होती. ज्या देशात नऊ वर्षांत राजा, संसद, दिनदर्शिका आणि देव सगळं बदलून झालं, तिथे ही अट!

मग जे व्हायचं तेच झालं. सुरुवातच खोटी होती. नव्या सभांचे दोन तृतीयांश सभासद जुन्या संसदेतून, म्हणजे कन्व्हेन्शनमधूनच घ्यायचे, असा हुकूम निघाला. त्याविरुद्ध ऑक्टोबर १७९५ मध्ये पॅरिसमध्ये उठाव झाला आणि तो तोफांनी मोडला. तोफा लावणारा तरुण सेनानी होता बोनापार्ट. १७९७ च्या निवडणुकीत राजेशाहीवाले भरपूर निवडून आले, तेव्हा संचालकांनी सप्टेंबरमध्ये सैन्य आणून ४९ प्रांतांतल्या निवडणुकाच रद्द केल्या. १७९८ मध्ये जॅकोबिन डाव्यांची सरशी झाली, तर मे महिन्यात १०६ जणांची निवड रद्द केली. १७९९ च्या जूनमध्ये सभांनी उट्टं काढलं आणि संचालकांनाच धाकाने घालवलं. दरवेळी कारण एकच सांगितलं जायचं, गणराज्य वाचवायचं आहे. आणि राजेशाहीची भीती सगळीच खोटी होती असंही नाही. पण आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मतदाराने दिलेला कौल पटला नाही तर पुसून टाकायचा, ही सवय फ्रान्सला संसद आणि संचालक यांनीच लावली. सैनिक ती नंतर शिकले.

पोटापाण्याचं सांगायचं तर कागदी चलन इतकं कोसळलं होतं की फेब्रुवारी १७९६ मध्ये नोटा छापायची यंत्रं पॅरिसच्या वांदोम चौकात जाहीरपणे नष्ट केली गेली. १७९७ मध्ये सरकारने आपल्या कर्जापैकी दोन तृतीयांश जवळपास बुडवलं. १७९८ पासून सक्तीची सैन्यभरती आली, १७९९ मध्ये श्रीमंतांवर १० कोटींचं सक्तीचं कर्ज. शेतकऱ्याचा मुलगा नेला, सावकाराची तिजोरी उघडली, पेन्शनवाल्याचे पैसे बुडाले. या सरकारसाठी रस्त्यावर उतरेल असं कुणी उरलंच नव्हतं.

तलवारीच्या शोधात

कटाचा मेंदू बोनापार्ट नव्हता. तो होता सिएस, १७८९ मध्ये ‘तिसरा वर्ग म्हणजे काय?’ ही पुस्तिका लिहून क्रांतीला शब्द देणारा धर्मगुरू. १७९९ च्या मे महिन्यात तो संचालक झाला तो ही घटना मोडायचं मनात धरूनच. त्याला भक्कम कार्यकारी सत्ता हवी होती आणि तिथवर जायला एक आज्ञाधारक सेनापती. त्याने जूबेरला हेरलं होतं, पण जूबेर ऑगस्टमध्ये इटलीत नोवीच्या लढाईत मारला गेला.

तेवढ्यात बोनापार्ट इजिप्तहून परतला. खरं तर तो पळून आला होता. २३ ऑगस्टला त्याने हुकमाशिवाय आपली फौज सेनापती क्लेबेरच्या गळ्यात टाकली आणि मोजक्या माणसांनिशी जहाज पकडलं. इजिप्तच्या या मोहिमेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १७९९ च्या जानेवारीत त्याने टिपू सुलतानाला मदतीचं पत्र पाठवलं होतं, ते वाटेतच इंग्रजांच्या हाती लागलं. मे महिन्यात श्रीरंगपट्टणम पडलं, टिपू मारला गेला. फ्रेंचांची ही धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नाही. दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेवर पेराँ हा फ्रेंच सरदार असणं त्यांना १८०३ पर्यंत खुपत राहिलं आणि असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच पुढे वॉटर्लूला बोनापार्टसमोर उभा राहिला.

९ ऑक्टोबरला बोनापार्ट फ्रेजूसला उतरला. इजिप्तमध्ये प्लेग होता, नियमाने त्याला विलगीकरणात ठेवायला हवं होतं. लोकांनी आनंदाच्या भरात ते होऊच दिलं नाही. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. देश बुडतोय म्हणून तो आला, असं नंतर सांगितलं गेलं. पण सप्टेंबरच्या शेवटी मासेनाने झुरिकला रशियनांना हरवलं होतं आणि हॉलंडमध्ये ब्रूनने इंग्रज-रशियन फौज रोखली होती. मोठं संकट टळलं होतं, आणि ते टाळणारे सेनापती वेगळेच होते. ‘पितृभूमी धोक्यात’ अशी घोषणा करण्याचा जॅकोबिन ठराव पाचशेंच्या सभेने सप्टेंबरातच २४५ विरुद्ध १७१ मतांनी फेटाळला होता. म्हणजे ज्या जॅकोबिनांच्या कटाचा बाऊ पुढे केला गेला, ते सभागृहात अल्पमतात होते.

संचालक व्हायला वय ४० हवं. बोनापार्ट ३० वर्षांचा. कायद्याने चालायचं तर दहा वर्षं थांबावं लागणार होतं.

पहिला दिवस: कागद

फ्रेंच दिनदर्शिकेप्रमाणे १८ ब्रूमेर, म्हणजे ९ नोव्हेंबरचा बेत बारकाईने आखलेला होता. ज्येष्ठांच्या सभेला भल्या सकाळी त्युलेरी राजवाड्यात बोलावलं. जे विरोध करतील असे वाटत होते त्यांच्या चिठ्ठ्या पोचल्याच नाहीत. हजर असलेल्यांना सांगितलं की जॅकोबिनांचा भयंकर कट उघडकीला आलाय. नाव नाही, पुरावा नाही. घटनेच्या १०२ व्या कलमाने संसदेचं ठिकाण बदलायचा अधिकार ज्येष्ठांना होता. तो वापरून त्यांनी दोन्ही सभा सां-क्लूला हलवल्या. इथवर सगळं कायद्यात बसत होतं. पण त्याच ठरावात त्यांनी बोनापार्टला पॅरिसच्या सगळ्या फौजेचा प्रमुख नेमलं, आणि हा अधिकार त्यांचा नव्हता, संचालकांचा होता. बेकायदा कलम कायदेशीर कलमाच्या पोटात घालून मंजूर करून घेतलं गेलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद मला हाच वाटतो. इतर कुणाला तो एका बैठकीत, एका वाक्यात, कुणी हरकत न घेता पार पडलेला साधा ठराव वाटेल.

सिएस आणि ड्यूको या दोन संचालकांनी ठरल्याप्रमाणे राजीनामे दिले. तिसरा, बारास, याच्याकडे कटातला मुत्सद्दी तालेरां गेला आणि सही घेऊन आला. बारास घोडेस्वारांच्या सोबतीने आपल्या गावाकडच्या घरी निघून गेला. उरलेले दोघे, गोइए आणि मूलँ, राजीनामा देईनात. त्यांना लक्झेंबर्ग राजवाड्यात सेनापती मोरोच्या पहाऱ्यात कोंडलं. पाचांपैकी तीन नाहीत, म्हणजे संचालक मंडळाचं कामच चालणार नाही. रक्ताचा थेंब न सांडता सरकार संपलं. पोलीसमंत्री फूशे हे सगळं पाहत होता आणि गप्प होता.

दुसरा दिवस: ऑरांजरी

आता पुन्हा त्या दुपारकडे. उशीर झाल्याने पाचशेंच्या सभेतले विरोधक सावध झाले होते. सभा भरताच त्यांनी मागणी केली की प्रत्येकाने नाव पुकारल्यावर उठून घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी. शपथा सुरू झाल्या आणि लांबल्या. मला त्या शेकडो माणसांबद्दल आदर वाटतो आणि जीवही तुटतो. राजवाडा सैन्याने वेढलेला असताना ते एकेक करून शपथ घेत बसले. आदल्या दिवशीचा हुकूम बेकायदा आहे, सेनापतीची नेमणूक रद्द करा, हा ठराव करायला त्या वेळात भरपूर सवड होती.

बाहेर बोनापार्टचा धीर सुटला. तो आधी ज्येष्ठांच्या सभेत गेला आणि तुटकतुटक, असंबद्ध बोलला. कुणीतरी ओरडलं, “आणि घटना?” यावर त्याने जे उत्तर दिलं त्याचा आशय असा की घटना तुम्हीच मोडलीत, १७९७ मध्ये, १७९८ मध्ये आणि यंदाच्या जूनमध्ये. आता तिला कोण मानणार? सभागृहात उत्तर नव्हतं, कारण आरोप खरा होता. त्याने एवढंच सांगितलं नाही की १७९७ च्या त्या कारवाईसाठी सेनापती ओझेरोला इटलीहून पॅरिसला धाडणारा तो स्वतःच होता.

मग तो काही ग्रेनेडिअर सैनिक घेऊन ऑरांजरीत शिरला. सभागृहात हत्यारबंद सैनिक पाहताच बाकांवरून माणसं उठली. “हुकूमशहा मुर्दाबाद!” आणि मग ती आरोळी आली जिचा धसका फ्रान्समध्ये प्रत्येकाला होता, “कायद्याबाहेर करा!” कायद्याबाहेर ठरलेल्या माणसाला खटला लागत नसे. ओळख पटली की पुरे. जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिएरला असंच ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं उडालं. लोक अंगावर आले, धक्काबुक्की झाली, सेनापती पांढराफटक पडला आणि सैनिकांनी त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. खंजीर उपसले होते आणि एका सैनिकाने वार अंगावर घेतला, ही गोष्ट नंतर पसरवली गेली. त्या सैनिकाला पेन्शनही मिळालं. पण खंजिराची गोष्ट विश्वास ठेवण्याजोगी नाही.

आता बाहेरचं चित्र नीट पाहू. अंगणात दोन तऱ्हेचे सैनिक होते. बोनापार्टबरोबर लढलेल्या पलटणी त्याच्या शब्दावर काहीही करायला तयार होत्या. पण राजवाड्याला लागून उभे होते संसदेचे स्वतःचे रक्षक, निळ्या गणवेशातले ग्रेनेडिअर. त्यांची नेमणूकच या प्रतिनिधींच्या रक्षणासाठी होती आणि ते चुळबुळत होते. सेनापतीचं ऐकायचं की सभागृहाचं? आतून “कायद्याबाहेर” हा ठराव लिहून, सही होऊन दारात आला असता तर या रक्षकांनी कुणाला धरलं असतं हे त्या घटकेला कुणीच सांगू शकलं नसतं. सगळं प्रकरण त्या काही मिनिटांवर टांगलेलं होतं.

ठराव आला नाही, कारण अध्यक्षाच्या खुर्चीत ल्यूसिआँ बोनापार्ट होता, सेनापतीचा धाकटा भाऊ. वय २४. सभासदत्वासाठी घटनेने घातलेली वयाची अटही तो पुरी करत नव्हता, तरी आदल्याच महिन्यात त्याला अध्यक्ष निवडलं होतं. त्याने ठराव मताला टाकायला नकार दिला, वेळ काढला, अंगावरची अध्यक्षपदाची वस्त्रं उतरवून ठेवली आणि सैनिकांच्या सोबतीने बाहेर आला. घोड्यावर बसला आणि रक्षकांना म्हणाला की सभागृहातल्या बहुसंख्य प्रतिनिधींना मूठभर खंजीरवाल्यांनी ओलीस धरलंय, त्यांना सोडवा. भावाच्या छातीला तलवारीचं टोक लावून त्याने शपथ घेतली की याने स्वातंत्र्यावर घाला घातला तर मी स्वतः याला भोसकेन.

कुंपणानेच शेत खाल्लं. रक्षकांना हवं होतं ते मिळालं, सभागृहाच्या अध्यक्षाचा हुकूम. आता आत घुसणं म्हणजे बंड उरलं नाही, कर्तव्य झालं. नगारे वाजले, सेनापती म्यूराच्या मागून संगिनी लावलेले सैनिक ऑरांजरीत शिरले आणि प्रतिनिधींनी त्या मोठ्या खिडक्यांतून बागेत उड्या टाकल्या. त्यांचे लाल अंगरखे झाडाझुडपांत, गवतावर टाकलेले नंतर सापडले.

रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात हाती लागतील तेवढ्या प्रतिनिधींना गोळा करून ऑरांजरीत पुन्हा ‘सभा’ भरली. अध्यक्ष तोच. तिने संचालक मंडळ रद्द केलं, साठांहून अधिक सभासदांना काढून टाकलं आणि बोनापार्ट, सिएस, ड्यूको असे तीन हंगामी कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च कारभारी, नेमले. तिघांनी गणराज्य, स्वातंत्र्य आणि समतेशी निष्ठेची शपथ घेतली. पॅरिसमध्ये कुणी अडथळे उभारले नाहीत. सरकारी रोख्यांचा भाव वधारला.

मोजणी

सिएसला आज्ञाधारक तलवार हवी होती. महिनाभरात तलवारीनेच त्याला बाजूला सारलं. १३ डिसेंबरला नवी घटना तयार झाली, तिच्यात पहिला कॉन्सल म्हणून बोनापार्टचं नाव छापलेलं होतं. कायद्यावर चर्चा करणारे एका सभेत, चर्चेविना मत देणारे दुसऱ्या सभेत, असे संसदेचे तुकडे पाडले. १५ डिसेंबरच्या जाहीरनाम्यात सांगितलं की क्रांती संपली आहे.

घटनेवर जनतेचा कौल घेतला. पद्धत अशी की नोंदवहीत नाव लिहून उघडपणे हो किंवा नाही म्हणायचं. कौल पुरा होण्याआधीच घटना लागूही झाली. निकाल जाहीर झाला: बाजूने ३०,११,००७, विरोधात १,५६२. विसाव्या शतकात इतिहासकारांनी अभिलेखागारातल्या मूळ याद्या तपासल्या तेव्हा खरी ‘हो’ मतं साडेपंधरा लाखांच्या आसपास निघाली. सैन्याची ५ लाख मतं तर न घेताच मिळवली होती. मतदार ६० लाखांच्या घरात होते, म्हणजे बहुतेक लोक घरीच बसले होते. आकडे फुगवणारं खातं होतं गृहमंत्रालय, आणि गृहमंत्री होता ल्यूसिआँ.

मला यात लबाडीपेक्षा दुसरंच जास्त बोचतं. एवढी फुगवण्याची गरजच नव्हती. खरे आकडे छापले असते तरी तो जिंकलाच होता. पण निकाल आधी ठरवायचा आणि कौल मागून जुळवायचा, ही पाच वर्षांची सवय आता सरकारी दप्तराचा भाग झाली होती.

सम्राट

पुढचा प्रवास भराभर झाला. जानेवारी १८०० मध्ये पॅरिसच्या ७३ राजकीय वर्तमानपत्रांपैकी ६० बंद केली. फेब्रुवारीत प्रत्येक प्रांतावर केंद्राने नेमलेला प्रीफेक्ट आला. बँक ऑफ फ्रान्स निघाली, पोपशी समझोता झाला, परागंदा सरदार परतू लागले, नाणं स्थिरावलं. लोकांना हे हवं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा वर्षं होरपळलेल्या माणसाला दगडापेक्षा वीट मऊ. जमीन विकत घेतलेल्या शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच राहिली, आणि १८०४ च्या नागरी संहितेने कायद्यापुढची समता लेखी दिली. त्याच संहितेने बायकोला नवऱ्याची आज्ञा पाळायला बांधलं. आणि क्रांतीने १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी १८०२ च्या मेमध्ये कायद्याने परत आली. ग्वादलूपमध्ये ती बंदुकीच्या जोरावर लादली गेली. हैतीच्या लोकांनी मात्र लढून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य मिळवलं. स्वातंत्र्य आणि समता हे शब्द त्या वर्षी खरे ठरले ते तिथे.

१८०२ मध्ये बोनापार्ट तहहयात कॉन्सल झाला. १८०४ मध्ये राजेशाहीवाल्यांचा त्याच्या खुनाचा बेत उघडा पडला आणि मार्चमध्ये बूर्बां राजघराण्यातल्या दूक दांगियांला सीमेपलीकडून पकडून आणून गोळ्या घातल्या. मग युक्तिवाद असा पुढे आला की वारसाहक्क असला तर एका माणसाला मारून काही साधणार नाही. ट्रिब्यूनेटमध्ये, म्हणजे कायद्यांवर चर्चा करणाऱ्या सभेत, साम्राज्याचा प्रस्ताव आला तेव्हा एकट्या कार्नोने उभं राहून विरोध केला. हा कार्नो १७९७ मध्ये संचालक होता आणि त्या वर्षीच्या कारवाईत जीव वाचवून पळाला होता. कौल पुसणाऱ्यांच्या राज्यात काय होतं हे त्याने अंगावर घेतलं होतं.

१८ मे १८०४ ला सेनेटने ठराव केला आणि सेनेटर गाड्यांमधून पहिल्या कॉन्सलला सम्राट म्हणून वंदन करायला निघाले. तो तेव्हा सां-क्लूच्या राजवाड्यात राहत होता. ठरावाच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की गणराज्याचा कारभार एका सम्राटाकडे सोपवण्यात येत आहे. नंतर टाकसाळीतून नाणी पडली ती तशीच, एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच गणराज्य’. दुसऱ्या बाजूचे ते दोन शब्द १८०८ पर्यंत चालू राहिले.